वाढीव बारा घोडे

२०१० सालच्या ऑक्टोबरात आमच्या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. पासष्ट कोटींच्या घरातला सौदा. देशभरच्या पेपरांत फोटो आले. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या माणसाला गाव सांगितलं की तो आधी माझ्याकडे आदराने बघतो, मग माझ्या चपलांकडे बघतो आणि विषय बदलतो. त्या दीडशेत माझं नाव नव्हतं. आमच्या साडूंचंही नव्हतं. त्यांच्याकडे तेव्हा प्रीमियर पद्मिनी होती. आजही आहे. फरक एवढाच, की ती नक्की कुठली गाडी आहे हे आता छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

पद्मिनी १९७५ ची, साडूंच्या वडिलांनी घेतलेली. साडू तिला पद्मिनी म्हणत नाहीत. 'इटालियन स्पोर्ट्स सेदान' म्हणतात. कुणी हसलं की पुराव्याला ट्यूरिन गाठतात. फियाटने १९५३ साली '११००' ची नवी गाडी काढली, तेव्हा तिचं एक चपळ भावंडही काढलं होतं. त्याचं नाव 'तुरिस्मो व्हेलोचे', थोडक्यात 'टीव्ही'. पुढे याच ११०० घराण्यातली गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात 'डिलाइट' नावाने बनली आणि १९७४ च्या सुमारास तिची पद्मिनी झाली.

"म्हणजे काय, हिच्या खानदानात टीव्ही होता!" साडू सांगतात.

"आपल्या गाडीत रेडिओसुद्धा लागत नाही," ताई म्हणतात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. या सगळ्या प्रकरणात शुद्धीवर असलेली व्यक्ती ही एवढीच.

ठिणगी पडली दौलताबादच्या घाटात. आम्ही सगळे खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालो होतो. पुढे तिघे, मागे चौघे, डिकीत नारळ. पद्मिनी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढत होती. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या घरात घोडे, आणि त्या घोड्यांचंही वय झालेलं. तेवढ्यात मागून दुधाचे दोन कॅन लावलेली एक बजाज एम-एटी आली आणि पुढे गेली. नुसती गेली असती तर साडूंनी सोडून दिलं असतं. पण दूधवाला चांगला माणूस निघाला. तो वेग कमी करून खिडकीशी आला आणि म्हणाला, "काका, धक्का देऊ का?"

दर्शन झालं. साडूंनी मारुतीकडे काय मागितलं ते सांगितलं नाही, पण परतताना ते घाट उतरतानासुद्धा गप्प होते. घरी आल्यावर चपला न काढता म्हणाले, "इंजिन बदलायचं."

आता आमच्या शहरात असं वाक्य मोठ्याने बोलायची सोय नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा. प्रत्येक घरात एक तरी माणूस यांपैकी कुठेतरी कामाला आहे, आणि ज्या घरात नाही त्या घरात निवृत्त झालेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंच्या ओट्यावर सल्लागार मंडळ बसलं. पहिला चहा होईतो तीन इंजिनं सुचवून झाली होती.

समोरच्या निवृत्त काकांचं मत मॅटाडोरला. "बजाज टेम्पोची मॅटाडोर आठवते? तिचं डिझेल इंजिन मूळ कुणाचं? मर्सिडीजचं! एके काळी अँबेसेडरवाले शोधून शोधून तेच टाकायचे."

मर्सिडीज हा शब्द ऐकल्यावर साडू उठूनच उभे राहिले. "म्हणजे एकशे एक्कावन्नावी आपली!"

पण ते इंजिन पद्मिनीच्या नाकावर ठेवलं तर गाडी पुढून जी वाकेल ती कायमची, आणि मागची चाकं जमिनीला विचारून टेकवावी लागतील, असं दुसऱ्या एका जाणकाराने लक्षात आणून दिलं. साडू नाइलाजाने खाली बसले. एकशे एक्कावन्नावी तिथेच गेली.

शेंद्र्याला नोकरीला असलेला भाचा म्हणाला, "मामा, ऑक्टेव्हियाचं टर्बो टाका. दीडशे घोडे."

"पण थांबवायची कशाने?" मी विचारलं. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि ते रात्री लावले की सकाळी लागतात.

"थांबायचंय कशाला?" भाचा म्हणाला. तो चोवीस वर्षांचा आहे.

तिसरं मत एस्टीमचं. हलकं, स्वस्त, भंगारात मुबलक. पण ते इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. पद्मिनीत इंजिन लांबीला बसतं आणि मागची चाकं ढकलतं. "आडवं आहे, उभं करू," असं मत मांडणारा म्हणाला. त्याला पुढच्या चहाला कुणी बोलावलं नाही.

या काळात साडूंची रात्रीची झोप गेली. मोबाइलवर ते इटलीतले व्हिडिओ बघू लागले. अल्फा रोमिओने १९६२ साली 'जूलिया' नावाची सेदान काढली. दिसायला चौकोनी खोकं, पण पळायला अशी की इटलीच्या पोलिसांनी तीच घेतली. तिच्या तेराशे सीसीच्या गाडीत तिकडचे शौकीन सरळ दोन लिटरचं इंजिन टाकतात. दोन्ही एकाच घराण्यातली, वरून डबल कॅमची, आकाराने जवळपास सारखी. घरच्या घरात सोयरीक. ना हुंडा, ना मानपान, बोल्टसुद्धा ओळखीचे. व्हिडिओत एक मिशाळ इटालियन गृहस्थ शीळ घालत इंजिन उतरवतो, दुसरं चढवतो आणि हात पुसून कॉफी पितो.

"बघा साडूभाऊ," साडू मला रात्री अकराला फोन करून म्हणाले, "सगळं मिळून बावीस मिनिटं."

"व्हिडिओ बावीस मिनिटांचा आहे," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

शेवटी मार्ग दाखवला उस्तादांनी. उस्ताद म्हणजे साडूंच्या वडिलांच्या वेळेपासून पद्मिनीची नाडी बघणारे मिस्त्री. त्यांचं गॅरेज म्हणजे एक कडुलिंब, एक पत्रा आणि भोवती पसरलेला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध. त्यांनी सगळ्यांची मतं ऐकून घेतली, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, "वन-वन-एट एनई का डालो. बाकी सब बाताँ हैं."

आणि खरंच, बाकी सगळ्या बाता होत्या. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीनेच १९८५ मध्ये '११८ एनई' काढली होती. सांगाडा इटलीच्या फियाट १२४ चा, इंजिन जपानच्या निसानचं. ११७१ सीसी, ५२ घोडे. कंपनीनेच जर इटालियन अंगात जपानी काळीज घातलं होतं, तर साडूंनी का घालू नये?

"बॉडी इटली की, इंजन जापान का," उस्ताद म्हणाले, "और पैसा तुम्हारा."

मी कागदावर वजाबाकी केली. ११७१ वजा १०८९. वाढले ८२ सीसी. एम-एटीचं अख्खं इंजिन ७४ सीसीचं. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून साडू बॉनेटखाली जवळपास एक एम-एटी भरणार होते. हा हिशेब मी त्यांना सांगितला नाही. घरात लग्नकार्य होतं, आणि साडूंशी बिघाड परवडत नाही.

इंजिन मिळालं वैजापूरकडच्या एका शेतात. तिथे एक ११८ एनई बाभळीखाली बरीच वर्षं उभी होती. टायर मातीत, काचांवर धूळ, आणि पुढच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मालकांनी बॉनेट उघडून दाखवलं, पाणी पाजलं, भाव सांगितला आणि एक अट घातली. "इंजिन आजच्या आज न्या. सीट पाहिजे असेल तर मात्र एकवीस दिवसांनी या."

मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने रस्त्याचा निरोप घेतला. लोकांनी फोटो काढले, जुने प्रवासी हळवे झाले, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. त्यानंतर काही महिन्यांतच इकडे कडुलिंबाच्या फांदीला साखळी-कप्पी बांधून आमची पद्मिनी बॉनेट उघडून उभी राहिली. तिला या बातमीचा पत्ता नव्हता.

माझं काम बॅटरी धरायचं. घरातल्या कुठल्याही दुरुस्तीत मला हेच खातं मिळतं आणि ते मी निष्ठेने सांभाळतो. उस्ताद गाडीखालून ओरडायचे, "इधर नक्को, उधर!" मी उधर धरला की ओरडायचे, "मेरे आँख में नक्को!" या कामाला कौशल्य लागत नाही असा एक समज आहे. तो बॅटरी न धरलेल्यांनी पसरवलेला आहे.

जुनं इंजिन तासाभरात निघालं. ते उस्तादांनी भंगाराच्या भावात, किलोवर विकत घेतलं. साडूंनी त्याला हात जोडले, पैसे मोजले आणि पाठ फिरवली. इथून पुढे मात्र प्रत्येक गोष्टीने दुसरी गोष्ट मागितली. नव्या इंजिनाचे पाय जुन्या फाउंडेशनवर बसेनात, म्हणून पट्ट्या कापून नवीन फाउंडेशन वेल्ड केलं. इंजिन बसलं तर पंखा रेडिएटरला घासू लागला, म्हणून रेडिएटर पुढे सरकवला. तो सरकला तर बॉनेटचं कुलूप लागेना. मग निसानचा गिअरबॉक्स. तो वेगळ्या लांबीचा, म्हणून प्रोपेलर शाफ्ट लेथवर नेऊन कापून जोडला. आणि या गिअरबॉक्सची दांडी येते जमिनीतून. पद्मिनीचा गिअर हँडलला.

उस्तादांनी गॅस कटर पेटवला आणि पद्मिनीच्या तळाला हाताच्या पंजाएवढं भोक पाडलं. ताई त्या वेळी नेमक्या डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी भोकातून खालची माती बघितली, डबा ठेवला आणि एवढंच विचारलं, "पाणी आलं की कुठून बाहेर काढायचं ते काम मिटलं, नाही का?"

हँडलवरची जुनी दांडी काढायला साडूंनी नकार दिला. "ओरिजिनल आहे." त्यामुळे आता गाडीत दोन गिअर आहेत. एक खरा, एक स्मृतिप्रीत्यर्थ. अठरा वर्षांचे असल्यापासून साडूंच्या हाताला हँडलचीच सवय. जालना रोडवर मोंढा नाक्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला की ते ऐटीत ती मेलेली दांडी वर ढकलतात, क्लच सोडतात, गाडी तिथेच असते. मागची रिक्षा जिवंत होते. रिक्षावाला आमच्या पूर्वजांची विचारपूस करतो. मग साडू खाली वाकून खऱ्या दांडीचा शोध घेतात, तोवर दिवा लाल.

खरी दांडीही निमूट नाही. पुढची सीट सलग, बाकड्यासारखी. मधल्या माणसाच्या दोन गुडघ्यांमध्ये ती उभी राहते. मधला माणूस मी. पहिला आणि तिसरा गिअर पुढे पडतो, तिथपर्यंत आमचं नातं सलोख्याचं असतं. दुसऱ्याला आणि चौथ्याला दांडी मागे येते.

"साडूभाऊ, जरा पाय."

"कितवा?"

"चौथा."

"एवढ्यात? पुढे सेव्हन हिलचा सिग्नल आहे."

"पाय घ्या हो!"

क्रांती चौकातून चिकलठाण्यापर्यंत जायचं तर माझी बसण्याची पद्धत रस्त्यावरची गर्दी ठरवते. शहरातल्या गर्दीत मी शक्यतो तिसऱ्यातच राहतो.

वाढीव बारा घोडे पळवायला शहरात जागा नाही, हे साडूंनाही पटलं, म्हणून आम्ही समृद्धी महामार्गावर गेलो. सावंगीहून वर चढलो. समोर सरळ, रुंद, सिमेंटचा रस्ता आणि १२० च्या मर्यादेची पाटी. ती पाटी बघून साडूंनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. निसानचं इंजिन गुरगुरलं. मला मान्य करायलाच हवं की ते गुरगुरणं छान होतं. जुन्या इंजिनासारखं त्यात कफ नव्हता. गाडीने वेग घेतला. त्याबरोबर खिडकीची त्रिकोणी काच शीळ घालू लागली, डॅशबोर्डचं कपाट उघडून त्यातला १९९८ चा पेट्रोलचा हिशेब माझ्या मांडीवर पडला आणि पाऊस नसताना वायपर एकदा डावीकडून उजवीकडे जाऊन आला.

"किती?" मी ओरडलो.

साडूंनी स्पीडोमीटरकडे पाहिलं. काटा शून्यावर. जुन्या काट्याची केबल नव्या गिअरबॉक्सला जुळत नव्हती, आणि ते काम 'बाद में' या सदरात पडलं होतं.

"एकशे दहा तरी!" साडू म्हणाले.

त्याच वेळी मोसंबीने खच्चून भरलेला एक ट्रक आम्हाला सावकाश ओलांडून गेला. इतका सावकाश, की क्लीनरने आमच्याकडे बघून हात केला, मोबाइल काढला, फोटो घेतला आणि मोबाइल परत ठेवला. मागच्या सीटवरून भाच्याने आपल्या फोनवर वेग बघितला. "मामा, अठ्ठ्याहत्तर."

"नेट स्लो असेल," साडू म्हणाले.

आणि मग अर्थातच दौलताबादचा घाट. खरी उधारी तिथे होती. रविवार सकाळ, तीच माणसं, तेच नारळ. साडूंनी आदल्या रात्री प्लग साफ केले होते. पण रविवारी सकाळी दौलताबादला काय असतं, हे या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. किल्ल्याच्या तटातल्या दिल्ली दरवाज्यातून रस्ता जातो. तुघलकाच्या फौजांना तो पुरला असेल. वेरूळला निघालेल्या पर्यटक बसना पुरत नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या. आमचे बावन्न घोडे जागच्या जागी खिंकाळत राहिले, रेडिएटर पुढे सरकवलेला असल्याने वाफ आधी बॉनेटबाहेर आली आणि मग आमच्या ध्यानात आलं. साडूंनी इंजिन बंद केलं. मी उतरून बाटलीतलं पाणी घातलं. तेवढ्यात बसच्या आणि ट्रॉलीच्या फटीतून, दोन कॅन सांभाळत एक एम-एटी निघाली.

साडूंनी काच वर केली. वर करताना हँडल हातात आलं.

या सगळ्यावर कळस चढवला तो गल्लीतल्या वकील साहेबांनी. ते संध्याकाळी फिरायला निघाले होते, गाडीपाशी थांबले, बॉनेटखाली डोकावले आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तिथल्या तिथे म्हणून दाखवलं. कंपनीने जी गाडी जशी दिली, तिच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलंय. "परवानगी घेतलीत ना?" साडू म्हणाले, घेणारच होतो. वकील साहेब म्हणाले, तोवर गाडी झाकून ठेवा. आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "किती सालची म्हणालात?"

"पंच्याहत्तर."

"अरेरे," वकील साहेब म्हणाले. वकील माणसाने अरेरे म्हटलं की पोटात खड्डा पडतो.

झालं होतं असं, की केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढलेत. पन्नाशी उलटलेल्या गाडीला खास नोंदणी, 'व्हीए' अक्षरांची मानाची पाटी, दहा वर्षांची मुदत. नव्या नोंदणीचे वीस हजार. त्यानंतरच्या पुनर्नोंदणीचे पाच हजार फक्त. अट एकच. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन, कशालाही मोठा हात लावलेला नको. हो, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच काय ती बाहेर न्यायची.

"म्हणजे अगदी आपण वापरतो तशीच," ताई म्हणाल्या.

साडूंनी रात्रभर विचार केला. गिअरच्या दोन दांड्यांपैकी ओरिजिनल जपली होती, हा केवढा दूरदर्शीपणा, असं त्यांनी मला सकाळी फोनवर सांगितलं. तळाचं भोक पत्रा लावून बुजवता येईल. राहिलं इंजिन. आम्ही तडक कडुलिंब गाठला. जुनं इंजिन तिथेच होतं. उस्तादांनी ते रॉकेलने धुऊन, पुसून, पाटावर ठेवलं होतं आणि वर प्लास्टिक झाकलं होतं. एवढं लखलखीत ते आमच्याकडे असताना कधी नव्हतं.

"उस्ताद, हे परत बसवायचं," साडू म्हणाले.

"हौ, बिठाते ना," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी आकडा सांगितला. तो ऐकून साडूंनी पत्र्याच्या खांबाला धरलं. अख्खी ११८ एनई, कोंबडीसकट, त्याहून स्वस्त पडली असती.

"अहो, माझंच इंजिन! किलोवर दिलं होतं तुम्हाला!"

"तब पुराना था, साब," उस्ताद शांतपणे म्हणाले. "अब विंटेज है."

साडू बराच वेळ प्लास्टिककडे बघत राहिले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "बरं, आणि हे निसानचं काढलं तर कितीला घ्याल?"

उस्तादांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "इसकू कौन लेता, साब? ये तो नया है."